कप्तानाची मिशी

फवारेकाका एका माणसावर जळत होते, आणि तो माणूस लोकरीचा होता. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

फवारे हे त्यांचं आडनाव नव्हे हं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आणि काकांच्या हातात पाणी उडवायची बाटली. बोलण्यात रंगले की बाटलीवरचं बोट थांबायचंच नाही. एखादा बिचारा नुसती दाढी करायला यायचा आणि ओलंचिंब डोकं घेऊन घरी जायचा. तोंडाचा फवारा तर त्याहून जोरात. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचा जावई मिजासखोर, सगळं तिथे कळायचं. हात मात्र सोन्याचा. एवढ्या वर्षांत कुणाचा कल्ला वरखाली झाला नाही की कुणाच्या मिशीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब राहिलं नाही. स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, म्हणून काका राखाडी टोपी घालायचे. दुकानात घालायचे, घरात घालायचे, जेवताना घालायचे. तिच्याखाली काय आहे ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, तरीही घालायचे.

जळणं ही त्यांची जुनी खोड. नवीन लग्न झालं तेव्हा काकूंच्या कपड्यांची मापं घेणाऱ्या शिंप्यावर ते इतके जळले, की स्वतः टेप घेऊन मापं काढायला बसले. ते कपडे काकूंना कधी बसले नाहीत, तो भाग वेगळा. पुढे एकदा डोळ्यांचा डॉक्टर काकूंना म्हणाला, "तुमचे डोळे छान आहेत." आता डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यांबद्दल नाही बोलायचं तर काय कोपरांबद्दल बोलायचं? पण काकांनी डॉक्टर बदलला. काकू तेव्हा पोट धरधरून हसायच्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

मग मुलं झाली, मोठी झाली, आपापल्या वाटेने गेली, आणि काकांचं जळणंही थंडावलं. दिवसभर दुकानात बोलबोल बोलून ते मागच्या दोन खोल्यांत यायचे ते पार रिकामे होऊन. जेवायचे, वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे, आणि काकू काही सांगायला लागल्या की "हं" म्हणायचे. काकूंनी एकदा मुद्दाम सांगून पाहिलं, "अहो, छपरावर हत्ती चढलाय." काका म्हणाले, "हं." त्यानंतर काकूंनी सांगायचं कमी केलं आणि टीव्ही लावायला सुरुवात केली.

तिथे तो भेटला. कप्तान. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेत तो जहाज चालवायचा. निळी टोपी, निळा कोट, गव्हाळ चेहरा आणि नाकाखाली काळीभोर, भरघोस मिशी. फारसा बोलायचा नाही. जहाज बंदराला लागलं की घरी यायचा, आणि त्याची बायको बोलायला लागली की डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि ऐकायचा. बास, एवढंच करायचा मेला!

"बघा, कसा ऐकतो," काकू म्हणायच्या.

"ऐकायचे पैसे मिळतात त्याला," वर्तमानपत्रामागून काका म्हणायचे.

"मग तुम्हालाही देऊ का?"

यावर काका वर्तमानपत्राचं पान उलटायचे. पण आत कुठेतरी जुनी ओळखीची कळ उठायची. शिंप्याच्या वेळची.

काकूंना क्रोशाचा नाद होता. वाचनालयाच्या वरच्या दालनात बायकांचं एक विणकाम मंडळ जमायचं, त्यात त्या पहिल्यापासून होत्या. पण त्यांचा स्वभाव पडला पुढे पुढे न करण्याचा. मंडळाचं प्रदर्शन असलं की बाकीच्यांच्या शाली भिंतीवर लागायच्या, आणि काकूंनी विणलेले रुमाल अध्यक्षीणबाईंच्या फुलदाण्यांखाली जायचे. वर अध्यक्षीणबाई म्हणायच्या, "तुमच्या रुमालांवर फुलदाणी कशी शोभून दिसते!" काकू हसून मान डोलवायच्या. घरी येऊन मात्र भांडी जरा जोरात आपटायच्या.

यंदा काकूंनी मनाशी पक्कं केलं. भिंतीवर लागेल असं काहीतरी करायचं, आणि फुलदाणी ठेवायची कुणाची छाती होणार नाही एवढं मोठं करायचं. भाचीला हाताशी धरून त्यांनी कप्तानाच्या फोटोवरून एक तक्ता काढून घेतला. भलामोठा कागद, त्यावर बारीक बारीक रंगीत चौकटी, आणि लांबून पाहिलं की कप्तान. त्या तक्त्यावरून पलंगभर ब्लँकेट विणायचं, असा बेत होता.

हे विणणं सरळ ओळीत चालत नाही. एका कोपऱ्यात एकच चौकट विणून सुरुवात करायची. पुढच्या ओळीत दोन, मग तीन, अशा तिरक्या ओळी वाढत जातात. मध्यावर आलं की त्या पुन्हा कमी व्हायला लागतात, आणि समोरच्या कोपऱ्यात पुन्हा एकाच चौकटीवर काम संपतं. एक ओळ खालून वर जाते, तर पुढची वरून खाली येते. तक्ताही तसाच वाचायचा, एकदा चढत, एकदा उतरत. काकूंची पंचाईत अशी झाली, की विणण्यावरून नजर उचलून कागदाकडे नेली की ओळ हरवायची. दोनदा त्यांनी कप्तानाचा खांदा उसवला. तिसऱ्यांदा त्या रडकुंडीला आल्या.

"अहो, जरा वाचून दाखवता का?"

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा ते नाही म्हणू शकले नाहीत. समोर खुर्ची ओढून बसले, चष्मा चढवला, तक्ता गुडघ्यांवर पसरला. "निळा सहा," ते म्हणाले. "निळा सहा," काकू म्हणाल्या आणि सुई चालू झाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच उद्योग. काकू विणायच्या, काका पुकारायचे. आणि गंमत बघा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं रोज समोरासमोर बसत होते. मधेच काकू भाचीचं काही सांगायच्या, मधेच काका गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. काकांना ते सुखाचं वाटायला लागलं होतं हो! दुकान बंद करायला ते आता घाई करायचे. सगळं छान होतं, फक्त दोघांच्या मधे रोज थोडा थोडा करून तो चढत होता.

"हळू वाचा," काकू एकदा म्हणाल्या. "हनुवटी आली त्याची."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, हजारो हनुवट्या या हाताखालून गेल्या, त्यांना स्वतःलाही एक हनुवटी होती, आणि तिच्यासाठी "हळू" असं कुणी कधी म्हटलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी काकूंनी विणलेल्या गालावरून हात फिरवला, टाका सारखा बसलाय का बघायला. काकांनी ते पाहिलं आणि पुढची ओळ एवढ्या जोरात वाचली की काकू दचकल्या. जळत होते, नुसते जळत होते. आणि ते सांगायची सोय नव्हती. काय सांगणार? की मी या वयात लोकरीच्या गुंड्यावर जळतो? दुकानात ही गोष्ट फुटली असती तर गल्लीने डोक्यावरची टोपी काढून तिचा चेंडू केला असता.

मग तो दिवस उजाडला. कोपऱ्यावरचा गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक खुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, "काका, यंदा मिशी ठेवलीय. कप्तानासारखी करून द्या."

काकांच्या हातातली कात्री थांबली. मनात आलं, एक टोक उडवून द्यावं. पण धंद्याशी बेइमानी त्यांच्या रक्तात नव्हती. दात ओठ खाऊन त्यांनी ती मिशी कोरली, टोकं वळवली, कंगव्याने बसवली. आरशात बघतात तर काय, कप्तान त्यांच्याच खुर्चीत, त्यांचंच कापड गळ्याला गुंडाळून बसलेला. तेवढ्यात मागच्या दारातून काकू चहा घेऊन आल्या आणि आरशात पाहून उभ्याच राहिल्या.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "हुबेहूब!"

मेकॅनिक लाजला. काकांनी चहा घेतला तो कडू लागला. बायको दुकानात येऊन कुणाच्या तोंडाकडे असं बघत उभी राहिलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती. आणि ती मिशी त्यांनीच तर करून दिली होती, स्वतःच्या हाताने!

त्याच संध्याकाळी तक्त्यावर मिशी सुरू झाली. ओळी तिरक्या, त्यामुळे मिशी एकदम येत नाही. आधी एक टोक येतं, मग रोज चिमूट चिमूट पुढे सरकते. काकांनी वाचलं, "निळा नऊ. गव्हाळ पाच." पुढे काळ्या दोन चौकटी होत्या. काकांनी त्या चौकटींकडे पाहिलं. आरशातली मिशी आठवली.

"गव्हाळ दोन," ते म्हणाले.

काकूंची सुई थांबली. "गव्हाळ?"

"गव्हाळ."

"बरं," काकू म्हणाल्या. मांडीवरचा एक गुंडा त्यांनी उचलून पिशवीत ठेवला आणि विणायला लागल्या.

काकांनी मिशी भादरली. आयुष्यात कुणाची वाकडी न केलेल्या माणसाने ती रोज थोडी थोडी करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, साफ उडवली. काळं दिसलं की गव्हाळ सांगायचं. तक्त्यावर डोळे आले तेव्हा त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही, भुवयाही सोडल्या. पण नाकाखाली एक केस ठेवला नाही. त्या दिवसांत दुकानात ते शीळ घालत केस कापायचे, आणि गिऱ्हाइकं नेहमीपेक्षा जास्त भिजून घरी जायची.

शेवटची चौकट विणून झाली, काकूंनी दोरा कापला आणि ब्लँकेट दारावर टांगलं. काका समोर येऊन उभे राहिले. दारावर एक निळ्या टोपीचा, गोल चेहऱ्याचा, साधाभोळा माणूस होता. कप्तानाचा त्याच्यात मागमूस नव्हता. काकूंनी ब्लँकेटची कडा झटकली.

"झालं एकदाचं," त्या म्हणाल्या. "उद्या दालनात लावायचंय."

एवढंच? काकांना कळेना. हिला दिसत नाही की काय? ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं. उद्या चारचौघींत कुणी विचारलं तर? पण उद्याची गोष्ट उद्या, असं म्हणून त्यांनी अंगावर पांघरूण ओढलं.

दालनात ब्लँकेट मोठ्या भिंतीवर लागलं. खाली अध्यक्षीणबाईंनी आधीच लिहून ठेवलेली पाटी होती, 'कप्तान'. बायका जमल्या, चष्मे पुसले, माना तिरक्या केल्या.

"हा कप्तान?" एक म्हणाली. "याला मिशी कुठाय?"

दुसरीने दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा काकांकडे. गोल चेहरा, टोपी, साफ ओठ. ती किंचाळलीच, "अगं, हे तर आपले फवारेकाका! कप्तानाच्या वेशात!"

झालं, एकच हशा उसळला. "या वयात नवऱ्याचं चित्र विणलं गं बाई!" अध्यक्षीणबाईंनी हसत हसत पाटी उलटी केली आणि मागे लिहिलं, 'आमचे हे'. काकांचे पाय जमिनीवर ठरेनात. कप्तान गेला, त्याची पाटीसुद्धा गेली, आणि त्याच्या जागी भिंतभर आपण! त्यांनी टोपी नीट केली. दोघीतिघींनी त्यांचं अभिनंदनही केलं, जसं काही त्यांनीच विणलं होतं.

गर्दी जरा पांगली. खांबाआड दोघी बोलत होत्या, हळू, पण ऐकू जाईल एवढ्या हळू.

"कसले 'हे'? कप्तानच करायचा होता तिला, तिची भाचीच सांगत होती. तक्ता झेपला नाही, मिशी गाळली, आणि आता नवऱ्याच्या नावावर खपवतेय."

"जाऊ दे गं. फुलदाणीखालचं काम तिचं. भिंतीवर कशाला चढायचं?"

काकांनी ऐकलं. आणि पाहिलं, तर काकूही तिथेच होत्या, ब्लँकेटचा कोपरा सरळ करत. त्यांनीही ऐकलं होतं. हात कोपऱ्यावरच राहिला, चेहरा पडला. आता सांगेल, काकांना वाटलं, आता वळून सांगेल की यांनी चुकीचं वाचलं. पण काकूंनी मान खाली घालून कोपरा पुन्हा सरळ केला, जो आधीच सरळ होता.

दिवसभर अखंड बोलणाऱ्या काकांना तोंड उघडायला एवढा जोर कधी लावावा लागला नव्हता.

"तिने नाही गाळली!" ते ओरडले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. "मिशी मी भादरली. मी! तक्ता मी वाचत होतो. जिथे काळं होतं तिथे गव्हाळ सांगितलं. ती बिचारी मी सांगेन तसं विणत होती. तिचा एक टाका चुकलेला नाही. तो माणूस मी नाही, कप्तानच आहे."

"पण का हो काका?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. "जळत होतो मी त्याच्यावर," ते म्हणाले.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "रोज संध्याकाळी वास येत होता."

बायका अशा हसल्या की खालून वाचनालयाचा माणूस बघायला वर आला. काकूंनी मात्र हसण्याकडे लक्ष दिलं नाही. सोबत आलेल्या भाचीच्या मदतीने ब्लँकेट खाली उतरवलं, खुर्ची ओढली, मांडीवर पसरलं. मग पिशवीत हात घालून एक एक वस्तू बाहेर काढली. जाड सुई. घडी घातलेला तक्ता. आणि मिशीसाठी वेगळा ठेवलेला काळा गुंडा, जसाच्या तसा, धागासुद्धा न सुटलेला.

काकांनी तो गुंडा उचलून फिरवून पाहिला. "तुला कळलं होतं?"

"पहिल्याच ओळीला. गुंडा मांडीवर घेऊन बसले होते मी, मिशी येणार म्हणून. चेहरा पाठ आहे मला त्याचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही रागावून उठला असता आणि वर्तमानपत्र धरलं असतं." काकूंनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली. आवाज खाली आणला. "मिशी काय, वरून टाके घालून कधीही लावता येते. तुम्हाला समोर कुठून बसवणार होते?"

काकांनी ब्लँकेटच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि हे आता झालं की? पुढचं ब्लँकेट कुणाचं?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "माझं कर ना."

"तुमचं? आणि वाचणार तुम्हीच? डोक्यावर सगळं काळंच सांगाल."

काका हसले नाहीत. त्यांनी दुसरी खुर्ची काकूंच्या समोर आणून ठेवली, बसले. मग एवढ्या बायकांसमोर डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि तक्ता हातात घेतला. कप्तान खालून त्यांच्याकडे बघत होता. काकांना अजूनही तो आवडत नव्हता.

"काळा," ते म्हणाले.

"किती?"

"सात."

तक्त्यावर काळ्या चौकटी खरोखर सातच होत्या.